इंजिनाला प्यायचं पाणी

अकोल्याच्या बाजारात त्या गाडीला 'बसकी' म्हणत. वीस-बावीस मैल झकास जायची आणि मग जिथं असेल तिथं रस्त्यात बसायची, म्हणून बसकी. आधी ती एका डॉक्टरांकडे होती, मग एका जिनिंगवाल्याकडे, मग एका कंत्राटदाराकडे, आणि शेवटी कापसाच्या एका अडत्याच्या आवारात येऊन पडली होती. चौघांनीही तिला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. मी पाचवी. मी ती डोळे उघडे ठेवून घेतली. हे आधीच सांगून टाकते, कारण अमरावतीत अजूनही दोन-चार म्हातारी माणसं आहेत, जी म्हणतात की मास्तरीणबाई त्या गाडीपायी फसली.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीत मुलींच्या एका शाळेत गणित शिकवत होते. दर्यापूरला मुलींची शाळा निघाली आणि तिथं मुख्याध्यापिका म्हणून येता का, अशी मला विचारणा झाली. माझं माहेर दर्यापूरच्या पलीकडचं एक खेडं. त्या खेड्यातून चौथीच्या पुढं शिकलेली मी एकटी मुलगी, आणि तीही मामाकडे राहून. माझ्याबरोबर बसणाऱ्या सातही मुली चौथीनंतर घरी बसल्या, कारण पुढची शाळा लांब होती. त्यामुळे ती शाळा मला हवी होती. अगदी हट्टानं, हावरटासारखी हवी होती, आणि ते कबूल करायला मला तेव्हाही लाज वाटली नाही.

अडचण मामंजींची होती. माझे सासरे निवृत्त वकील. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही यायचं नाही. ते म्हणाले, "सूनबाई, नोकरीला माझी हरकत नाही. पण घरातली सून परगावी मुक्कामाला राहणार नाही. दिवेलागणीला ती घरात पाहिजे." आता दर्यापूर तीसेक मैल. सकाळची बस पोचायची तेव्हा शाळेची प्रार्थना होऊन गेलेली असायची, आणि शाळा सुटल्यावरची बस अंधार पडल्यावर अमरावतीत यायची. मी म्हटलं, "मग मी मोटार घेते."

"घे," मामंजी म्हणाले. मी घेईन असं त्यांना वाटलं नसावं. पण वकीलच ते, एक कलम घातल्याशिवाय त्यांना चैन पडेना. "ज्या दिवशी मोटार रस्त्यात बसली आणि तू दिवेलागणीला घरात नसलीस, त्या दिवशी राजीनामा." नुसतं बोलून थांबले नाहीत. आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी माझा राजीनामा लिहून काढला, तारीख मोकळी सोडली आणि दौत-टाक माझ्यापुढं सरकवला. मी सही केली. कागद त्यांच्या मेजाच्या खणात गेला. माझे यजमान कॉलेजात संस्कृत शिकवत. ते हा सगळा वेळ सायकलच्या चेनला तेल घालत बाहेर बसले होते.

नवी गाडी आमच्या ऐपतीबाहेरची होती. जुन्या गाड्यांत परवडण्यासारखी एकच, ती म्हणजे बसकी. आम्ही दोघं रेल्वेनं अकोल्याला गेलो. अडत्या मोठा सरळ माणूस निघाला. बसायच्या आधीच म्हणाला, "हे पाहा बाई, मी खोटं बोलून इकत नाही. बॉडी चांगली हाये, टायर चांगले हायेत, इंजन बेइमान हाये. मंग मले नाव ठेवू नका."

गाडी काळी, विलायती, चार दारांची, माझ्या एका मावशीसारखी बुटकी आणि रुंद. तिचा ड्रायव्हर म्हातारा होता. अडत्याकडून सुटली तर बरं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. फेरी मारून दाखवायची म्हणून त्यानं आवारातल्या विहिरीचं बादलीभर पाणी शेंदलं आणि गाडीच्या नाकाडावरचं रेडिएटरचं झाकण उघडलं. मी जवळच उभी होते. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा, खडबडीत थर होता. मी बोट फिरवून ते जिभेला लावलं. यजमानांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. बायको चारचौघांत गाडी चाटते आहे, हे त्यांना जरा जास्तच झालं असावं.

पण ती चव मी जन्मापासून ओळखत होते. आमचा सगळा भाग खारपाणाचा. विहिरीचं पाणी मचूळ. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून आमच्या माहेरी पाण्याचे दोन प्रकार होते, प्यायचं आणि वापरायचं. प्यायचं पाणी लांबच्या एका गोड्या विहिरीवरून बैलगाडीनं यायचं आणि आई ते गडव्या-गडव्यानं पुरवायची. वापरायचं पाणी मात्र दारातल्या विहिरीचं, हवं तेवढं. आंघोळीच्या बंबात अर्थातच वापरायचं. दोन-तीन वर्षांत बंबाला आतून बोटभर जाडीचा पांढरा लेप चढायचा. मग कितीही जळण घाला, पाणी कोमटच राहायचं, आणि एक दिवस बंबाचा तळ जळून जायचा. वडील म्हणायचे, तांबटानं फसवलं. असे दोन बंब गेले. तिसऱ्या बंबाला आई दर दिवाळीआधी आतून चिंचेचं पाणी देऊन खरवडायला लागली, आणि तो बंब तिच्यामागेही कामाला होता. तेव्हा बंब बेइमान नसतो, हे मला ठाऊक होतं.

मी ड्रायव्हरला विचारलं, "हिले पाणी कोणतं देता?"

"वापराचंच ना, बाई."

"प्यायचं काहून नाही देत?"

तो हसला. "मानसाले प्याले पुरत नाही, अन् गाडीले गोडं पाणी कोन पाजीन?"

त्याचं चुकत नव्हतं. चार मालक झाले, चौघेही याच पट्ट्यात फिरणारे. गाडी तापली की त्यांचे ड्रायव्हर जवळच्या विहिरीवर जायचे आणि तेच पाणी ओतायचे. त्यानं इंजिनाच्या पोटातल्या वाटा आणखी बुजायच्या, गाडी आणखी लवकर तापायची, की पुन्हा तेच पाणी. प्यायचं पाणी यंत्रात ओतणं हा विचारच आमच्या भागातल्या माणसाच्या डोक्यात येत नाही. मी तिथंच राहिले असते तर माझ्याही आला नसता. पण लग्नानंतर बारा वर्षं मी अमरावतीत गोडं पाणी वापरत होते, अंगण शिंपायलासुद्धा, आणि त्याची मला सवय झाली होती.

मी अडत्याला काही बोलले नाही. चेहरा पाडून गाडीभोवती दोन चकरा मारल्या, इंजिनाकडे पाहून उसासा टाकला आणि आणखी भाव पाडून गाडी घेतली. त्यापायी माझ्या पाटल्या गेल्या. परतीच्या रेल्वेत यजमान म्हणाले, "हे प्रामाणिकपणात बसतं का?" मी म्हटलं, "त्यांनी दोष सांगितला, मी दोषासकट घेतली. दोषाचं कारण त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं." मला आजही तेच उत्तर बरोबर वाटतं.

दुसऱ्या दिवशी अडत्याचा ड्रायव्हर गाडी घेऊन अमरावतीला आला. वाटेत ती तीनदा बसली होती. आमच्या गल्लीत शिरली ती नाकातून वाफ सोडत. पोरं मागं धावत होती, शेजारणी दारात आल्या होत्या. मामंजी ओसरीवर होते. त्यांनी चष्मा पुसून गाडीकडे पाहिलं. "ही?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. मेजाचा खण उघडल्याचा आवाज मी ऐकला. कागद जागेवर आहे की नाही, ते पाहायला गेले असावेत.

बडनेरा रोडवर एक मिस्त्री होते, गाड्यांच्या बाबतीत सगळं गाव त्यांचा शब्द मानायचं. त्यांनी बोनेट उघडलं आणि म्हणाले, "इंजन खोलना पडेगा, बाई." मी म्हटलं, "खोलायचं नाही. आतून धुवायचं." त्यांनी धुण्याचा सोडा सुचवला. मी चिंच म्हणाले. "इमली से तो बर्तन मांजते है," ते म्हणाले. मी म्हटलं, "हेही भांडंच आहे, फक्त आत हात जात नाही." शेवटी तडजोड झाली. आधी सोड्याचं कढत पाणी, मग तासभर चिंचेचं आणि मग साध्या पाण्यानं धुणं. चिंचेला ते तासाच्या वर एक मिनिट देईनात, पितळ खाईल म्हणाले, आणि ते त्यांचं बरोबर असणार. पहिल्या रविवारी खालची तोटी उघडली तेव्हा आधी काहीच आलं नाही. मिस्त्रींनी तार घालून ढोसली, तेव्हा कालवलेल्या चुन्यासारखं काहीतरी बदाबदा पडायला लागलं, मग पांढऱ्या खपल्या. मिस्त्री उकिडवे बसून ते बोटांत चुरून बघत राहिले. असे पाच रविवार केले. पाचव्या रविवारी तोटीतून जसं ओतलं तसंच स्वच्छ पाणी आलं.

त्याच मिस्त्रींनी मला गाडी चालवायला शिकवली, रोज सकाळी वलगावच्या रस्त्यावर. त्या वेळी वलगावकडून माळिणी फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन अमरावतीच्या बाजाराला यायच्या. पहिले आठ दिवस मला पाहिलं की त्या टोपल्यांसकट शेतात उतरायच्या. नंतर नंतर रस्त्याच्या कडेलाच उभ्या राहून सूचना करायला लागल्या. पदर खोचून हँडल मारून इंजिन चालू करायला मी शिकले, चाक बदलायला शिकले, फाटलेल्या रबरी नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायला शिकले. लायसनच्या परीक्षेत साहेबांनी मला एका बोळातून गाडी मागं घ्यायला लावली. मी घेतली. खाली उतरून त्यांनी भिंत आणि गाडी यांच्यातलं अंतर वितीनं मोजलं आणि सही केली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मागच्या सीटपुढं मी रॉकेलचे दोन धुतलेले डबे ठेवायचे, अमरावतीच्या गोड्या पाण्यानं भरून. दर्यापूरला पोचलं की झाकण उघडून इंजिनाला लागेल तेवढं पाणी घालायचं, असा माझा नेम. पहिल्याच आठवड्यात शाळेत पाणी भरणाऱ्या बाईंनी ते पाहिलं. उंच, काळ्या, तोंडानं फटकळ. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांनी वाकून डब्यातलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मोठ्या बाई, हे तं गोडं पाणी हाये."

"हो."

"आमच्या पोरी दिवसभर मचूळ पेतात, अन् तुमी इंजनाले गोडं पाजून राहिल्या?"

मी लगेच समजावायला लागले. खार, बंब, इंजिनाच्या वाटा, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घागर उचलून निघून गेल्या. मी हातात झाकण घेऊन उभी. चूक दाखवून दिलेली मला कधीच आवडलेली नाही, आणि ती पाणी भरणाऱ्या बाईनं दाखवली म्हणून तर मी जास्तच तडकले. संध्याकाळी गाडी चालवताना वलगावपर्यंत त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. वलगाव मागं पडल्यावर मला रडू आलं. ज्या पाण्यासाठी माझी आई गडवे मोजायची, ते मी तिच्याच मुलखात, तहानलेल्या मुलींच्या डोळ्यांदेखत लोखंडात ओतत होते.

इंजिनाला पाणी द्यायचं मी थांबवलं नाही, कारण गाडी नाही तर मी नाही. पण दुसऱ्याच दिवशी मागची सीट काढून घरी ठेवली आणि तिथं सहा डबे बसवले. सहांतला अर्धा डबा इंजिनाला, बाकी मुलींना. शाळा सुटताना उरेल ते मावशींच्या घागरीत. मावशींचं गाव माझ्याच रस्त्यावर, चारेक मैलांवर होतं. रोज संध्याकाळी त्या माझ्या शेजारच्या सीटवर मांडीत घागर घेऊन बसायच्या आणि मला गाडी हळू चालवायला सांगायच्या, पाणी हिंदकळतं म्हणून. अख्ख्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बसकी एकदाही बसली नाही. अकोल्याचा तो अडत्या एकदा दर्यापुरात भेटला. गाडीकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "इंजन बदललं काय, बाई?" या वेळी मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो कपाळावर हात मारून हसला. त्यानंतर आपल्या नव्या गाडीला त्यानं कोणतं पाणी दिलं, ते मला माहीत नाही.

फाल्गुनात ऊन तापायला लागलं तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मुलींच्या खेळांचे सामने होते. मुलींनी सगळे डबे संपवले, इंजिनाचा अर्धासुद्धा मीच वाटून टाकला. अडून बसण्यासारखं इंजिनात आता काही राहिलं नाही, असं मला वाटत होतं. शाळा सुटायला उशीर झाला होता. मावशी घागर घेऊन शेजारी बसल्या. दोन मैल गेलो असू, तोच समोरून फस्स असा आवाज आला आणि काचेवर वाफ. रबरी नळी फाटली होती. त्यात इंजिनाचा दोष नव्हता. ऊन आणि जुनं रबर, दुसरं काही नाही.

ट्यूबची पट्टी काढून मी नळी आवळली. बोटं भाजली, पण नळी झाली. पाणी मात्र सगळं रस्त्यावर गेलं होतं. डबे कोरडे. जवळच शेतात एक विहीर होती, मी धावत गेले. एका दिवसापुरतं मचूळ चाललं असतं. पण विहिरीवर ना दोर ना बादली, आणि पाणी खोल, तळाला. माणूस म्हणावं तर दूरपर्यंत कोणी नाही. सूर्य हातभर वर होता. मी परत आले आणि गाडीच्या पायरीवर बसले. मेजाच्या खणातला तो कागद मला दिसत होता, मामंजींचं वळणदार अक्षर आणि खाली माझी सही. वर्षभरात पहिल्यांदाच मला भीती वाटली.

"काय झालं तं सांगा ना," मावशी म्हणाल्या. मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. दिवेलागणीपर्यंत घरी पोचले नाही तर ही नोकरी गेली.

मावशी उठल्या. घागर कमरेवर घेऊन गाडीच्या नाकाडाशी गेल्या आणि म्हणाल्या, "झाकण काढा."

"मावशी, हे तुमचं प्यायचं आहे."

"मले कळत नाही काय? तुमी गेल्या तं आमच्या पोरीले पाणी कोन आणीन? काढा झाकण."

त्यांनी सगळी घागर ओतली. थेंब सांडू नये म्हणून पदराचा काठ तोटीसारखा धरला होता. रिकामी घागर घेऊन त्या पुन्हा शेजारी बसल्या आणि आपलं गाव येईपर्यंत मला हळू चालवा म्हणाल्या नाहीत.

मी अमरावतीत शिरले तेव्हा घरोघरी दिवे लागून गेले होते. आमच्या ओसरीवर कंदील होता, मामंजी होते, आणि त्यांच्या मांडीवर तो कागद होता. यजमान दारात उभे होते. मामंजींनी विचारलं, "बसली?"

मी म्हटलं, "नाही. पाणी प्यायला थांबली होती."

"कोणी पाजलं?"

मी सांगितलं. मावशी कोण, काय काम करतात, त्यांच्या घरी ते पाणी आज कुणाला पुरायचं होतं, सगळं. शेवटी त्यांनी कागदाची घडी घातली आणि आत गेले. कलमातले शब्द काय होते ते त्यांना पाठ होतं आणि मलाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्या सासरीही पाण्याचे दोन प्रकार होते, सोवळ्यातलं आणि बाकीचं. मामंजींची तांब्याची एक कळशी होती. पहाटे आंघोळ करून ते स्वतः तिच्यात पाणी भरायचे आणि दिवसभर तेवढंच प्यायचे. बारा वर्षांत त्या कळशीला मी एकदाही हात लावला नव्हता, तशी मुभाच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीशी गेले तर ती कळशी शेजारच्या सीटवर होती, काठोकाठ भरलेली, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. मामंजी फाटकाशी उभे होते.

"इंजिनात ओतू नकोस," ते म्हणाले. "ही त्या बाईंची आहे. आणि कळशी परत आणू नकोस, त्यांच्याकडेच राहू दे."

मी वाकून त्यांना नमस्कार केला आणि हँडल मारलं. त्या दिवशी दर्यापूरपर्यंत मी गाडी हळू चालवली.